पाच नऊ नऊ, आणि एक के

१

‘तुमचा सिग्नल घाण होता,’ असं इंडियानातल्या कुण्या माणसाने स्पर्धेच्या कमिटीला कळवलं, आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी आमच्या घरात चहासुद्धा गोड लागेना.

मी शुभा. मिशिगनमध्ये नोव्हायपासून अर्ध्या तासावर मक्याच्या शेताला लागून आमचं घर. लोकांच्या मागच्या अंगणात झोपाळा असतो, नाहीतर पोहायचा तलाव. आमच्याकडे अँटेनाचे तीन टॉवर! माझा नवरा चारुदत्त मोटारींच्या कंपनीतून रिटायर झाला, पण हॅम रेडिओचा नाद काही रिटायर होत नाही. म्हणजे लायसन्स काढायचं, घरात रेडिओ स्टेशन उभारायचं आणि जगभरच्या तसल्याच वेड्यांशी गप्पा मारायच्या. गप्पा तरी कसल्या! मोर्स कोडमध्ये नुसतं कड-कट्ट, कड-कट्ट. त्यात वर्षातून काही स्पर्धा. दोन दिवस, दोन रात्री बसून जगातली जास्तीत जास्त स्टेशनं कोण गाठतो ते बघायचं. बक्षीस काय, तर लाकडाची पाटी. मी पोळपाट म्हणूनही वापरणार नाही असली.

यंदा, म्हणजे २००६ साली, थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे स्पर्धेला तिघं पाळीपाळीने बसले होते. हे स्वतः. दुसरा रवींद्र, टेक्सासमधल्या अर्विंगचा, आयटीतला, बोटं आणि जीभ दोन्ही फास्ट. तिसरा कुमार, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला पीएचडी करतो, चार जणांत एक अपार्टमेंट, आमच्याकडे आला की भात बघून डोळ्यांत पाणी येतं पोराच्या. दोघांनाही मोर्स ह्यांनीच शिकवला.

कमिटीच्या ई-मेलबरोबर आवाजाचा एक तुकडा होता. ह्यांनी तो लावला. आमच्या कॉलसाइनच्या, म्हणजे आमच्या रेडिओवरच्या नावाच्या, आजूबाजूला टक, टक, टक असा कचरा सांडलेला मलासुद्धा ऐकू आला. चांगला सिग्नल आपल्या लेनमधून चालतो, असं हे नेहमी सांगतात. घाण सिग्नलच्या टिकटिकी दुसऱ्याच्या लेनमध्ये घुसतात. काही लबाड मुद्दाम घुसवतात, म्हणजे कोणी जवळ फिरकत नाही आणि आपल्याला मोकळं रान मिळतं. कमिटीने विचारलं होतं, हे असं का झालं? आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर तुमची एंट्री बाद.

ह्यांनी तो तुकडा तीनदा ऐकला. मग फोन उचलून क्रेनवाल्याला लावला.

“शुक्रवारी टॉवर उतरवून न्यायचे,” ते म्हणाले. “तिन्ही.”

मी चहाचा कप ठेवला तो सांडलाच. “अहो, डोकं फिरलंय का?”

“माझ्या कॉलसाइनला कॉलेजपासून डाग नाही शुभा. आता ह्या वयात चोर म्हणवून घेऊ?”

“पण चोरी केलीय कोणी?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलं, आणि मागच्या दारातून बाहेर गेले. तेव्हाच मला कळलं, ह्या माणसाला काहीतरी माहीत आहे आणि तो ते गिळून बसलाय.

२

खरं सांगते, ते टॉवर पडावेत म्हणून मी कमी नवस केलेले नाहीत. पण ते असे पडले तर त्यांच्याबरोबर माझा नवराही पडेल, एवढं मला कळत होतं. सोमवारपासून ते एका जागी बसेनात. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. जेवताना मी सवयीने विचारलं, “आमटी कशी झालीय?”

“फाइव्ह नाइन नाइन,” ते म्हणाले, तेही ताटाकडे न बघता.

हा आमच्या घरातला जुना विनोद. हॅम लोक एकमेकांना सिग्नलचे मार्क देतात. पहिला आकडा, समजतं किती, पाचपैकी. दुसरा, जोर किती, नऊपैकी. तिसरा, सूर किती शुद्ध, तोही नऊपैकी. पाच नऊ नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. माझ्या आमटीला लग्नापासून हेच मार्क आहेत. फोडणी खमंग असते माझी, उगीच नाही.

मंगळवारी मी संघमित्राला बोलावलं. ही मूळची नागपूरची, नोव्हायला मोटारींच्या लॅबमध्ये काम करते. वायपर लावला की गाडीचा रेडिओ का गुरगुरतो, हे शोधून काढायचा तिला पगार मिळतो. शिवाय ह्यांच्या शनिवारच्या वर्गात शिकून तिनेही लायसन्स काढलेलं. पण स्पर्धेच्या भानगडीत पडत नाही, शहाणी आहे.

“काकू, गुन्हेगार सापडला आणि तो घरातलाच निघाला तर?” तिने बूट काढता काढता विचारलं.

“निघू दे. टॉवर उतरले तर हे अंथरूण धरतील. मला खरं काय ते हवंय.”

ती थेट बेसमेंटमध्ये गेली. दोनेक तास खालून बारीक शिट्ट्या येत राहिल्या. वर आली तेव्हा कपाळाला आठी.

“काकू, रेडिओ स्वच्छ आहे. एकदम लख्ख. मागे तो जोर वाढवणारा मोठा ॲम्प्लिफायर जोडून कॉम्प्युटरवरून मोर्स सोडला, तरी स्वच्छ.”

“म्हणजे तो इंडियानावाला खोटारडा?”

“नाही ना. त्याचा तुकडाही खरा आहे. हाच रेडिओ, हाच सिग्नल, आणि टिकटिक खरी.” ती खुर्चीत बसली. “घाण झाली होती. आता नाही. कोणीतरी काहीतरी केलं आणि मग पुसून टाकलं.”

३

रवींद्र अजून आमच्याकडेच होता. डेट्रॉइटला क्लायंट होता म्हणून आठवडाभर गेस्टरूममध्ये लॅपटॉप मांडून बसला होता. संघमित्राने त्याला किचनमध्ये गाठला.

“सिंपल आहे यार,” तो म्हणाला. “त्या माणसाचा रिसीव्हर ओव्हरलोड झाला. तो आमच्या फ्रिक्वेन्सीच्या फार जवळ बसला होता. आम्हाला दोन हजारांवर स्टेशनांनी फाइव्ह नाइन नाइन दिलाय. दोन हजार लोक खोटं बोलतात का?”

संघमित्रा हसली. “स्पर्धेत? सगळेच बोलतात. तू दिलास का कधी कोणाला पाच सात सात?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“काकू, स्पर्धेत समोरचा कितीही भिकार येऊ दे, मार्क पैकीच्या पैकी द्यायचे, अशी रीतच आहे. कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. ‘कसं काय?’ म्हटलं की ‘मजेत’ म्हणतो ना आपण, तसं.”

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं माझ्या आमटीला ते मार्क मिळत होते! पण तेव्हा मी तो विचार बाजूला सारला.

“ॲम्प्लिफायर नवा दिसतोय,” संघमित्रा म्हणाली.

“काकांचा जुना ऑक्टोबरमध्ये जळला. हा मी ओहायोहून सेकंडहँड घेतला, स्वतः ड्राइव्ह करून आणला. काकांना गिफ्ट.” आणि मग त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. “माझा कॉल आहे. सॉरी.”

त्याला कॉल वगैरे काही नव्हता. स्क्रीनवर नुसता डेस्कटॉप होता, मी पाहिला ना.

मग कुमारला फोन लावला. तो कॅम्पसच्या बसमध्ये होता, मागे पोरांचा कालवा.

“कुमार, मी शुभाकाकू. अरे, स्पर्धेबद्दल जरा...”

“एकदम क्लीन होता काकू! सिग्नल एकदम क्लीन!”

“मी अजून काही विचारलंच नाही रे बाळा.”

मग म्हणाला, “काकू, माझा स्टॉप आला,” आणि फोन कट.

संघमित्राने भुवया उंचावल्या. “दोघांना घाम फुटलाय. पण कशाचा?”

४

बुधवारी सकाळी ती पुन्हा आली. स्पर्धेचं सगळं रेकॉर्डिंग खालच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. ती हेडफोन लावून ऐकत बसली आणि मी तिला उपमा नेऊन दिला. तासाभराने तिने मला ओढून शेजारी बसवलं.

“काकू, हा हंगेरीचा माणूस ऐका. हाताने पाठवतोय, संथ. काय म्हणतोय?”

इतकी वर्षं जमिनीखालून ते ऐकून मला आकडे तरी कळायला लागलेत. “पाच, नऊ, नऊ. आणि हे शेवटी डा-डिट-डा. के.”

“के म्हणजे?”

“‘बोला’. माझं झालं, आता तुम्ही. हे मलाही माहितीय.”

“बरोबर. पण स्पर्धेत कोणी ‘बोला’ म्हणत नाही. एक अक्षरसुद्धा जास्तीचं खर्च करत नाहीत हे लोक. मग ह्याने का केलं?” तिने दुसरा तुकडा लावला. “आणि हे बघा, तोच माणूस, संध्याकाळी, दुसऱ्या बँडवर, म्हणजे दुसऱ्या लहरींवर. पाच नऊ नऊ. के नाही. असे चार जण सापडले मला. सकाळी के, संध्याकाळी नाही.”

“मग?”

“काकू, के चा एक जुना अर्थ आहे. आता कोणी वापरत नाही. मार्कांच्या शेवटी के लावला, म्हणजे तुमच्या सिग्नलमध्ये की-क्लिक आहेत. टिकटिक. ह्या म्हाताऱ्यांनी रीत पाळून पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि वर हळूच सांगितलं, अहो, तुमचं धोतर सुटलंय.”

मी हसणार होते, पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

“सकाळी खुर्चीवर कोण होतं?” मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं. सकाळी ह्यांनाच मी खाली चहा द्यायचे. दोन्ही दिवस.

“काकाच. दोन्ही पोरांना हा जुना के ठाऊकच नाही, त्यांनी ‘बोला’च समजलं असतं. पण काकांना माहीत आहे.” ती हेडफोनच्या वायरशी चाळा करत राहिली. “मला तो अर्थ कोणी शिकवला? त्यांनीच शिकवला, वर्गात.”

माझ्या नवऱ्याने लबाडी केली? ह्या माणसाने? कोणी चुकून एक डॉलर जास्त दिला तर गाडी वळवून परत द्यायला जाणारा माणूस!

“नाही गं,” मी म्हटलं. “शक्यच नाही. काहीतरी दुसरं आहे. तू शोध!” आणि मग मी अशी काही रडले, की उपमा गार झाला.

५

रडून झाल्यावर माणूस बडबडतो. मी म्हटलं, “आठवडाच वाईट. ह्यांचं हे असं, खाली हीटिंगच्या फर्नेसचा पाइप वाजत होता, माणसाला बोलवायचं राहिलंच...”

“पाइप?”

“हो गं. ओट्याशी उभी राहिले की पायाखाली टकाटक, टकाटक. स्पर्धेत तर उच्छाद मांडला होता.”

संघमित्रा ताडकन उठली. “कधी वाजायचा? सारखा?”

“सकाळी. मी उपमा करायचे तेव्हा. दुपारी रवींद्र खाली बसायला गेला की गप्प. दुसऱ्या दिवशी परत सकाळी सुरू. आता सोमवारपासून बंद आहे, म्हणून तर विसरले.”

“काकू!” तिने मला मिठीच मारली. “तो पाइप नव्हे!”

तिने ॲम्प्लिफायरची वायर भिंतीतून काढली, थोडा वेळ थांबली आणि झाकण उघडलं. आत एक रिले होता, म्हणजे विजेचं दार उघडबंद करणारा खटका. त्याची दोन टोकं काळीठिक्कर, खड्डे पडलेली.

“काका मोर्स कसा पाठवतात? पाठवताना मध्येच ऐकतात ना?”

ह्यावर तर मी भाषण देऊ शकते. रेडिओवर एक बटण आहे. ते लावलं की दोन टिंबांच्या फटीतसुद्धा समोरचा ऐकू येतो. हे म्हणतात, आपण बोलत असताना दुसऱ्याला मध्ये बोलता आलं पाहिजे. जो मध्ये ऐकत नाही तो ऑपरेटर नव्हे, लाउडस्पीकर. घरात माझं मात्र मध्ये काही ऐकत नाहीत, ते सोडा.

“जुन्या ॲम्प्लिफायरचा रिले तेवढा चपळ होता, बिनआवाजी,” संघमित्रा म्हणाली. “ह्याचा नाही. प्रत्येक टिंबाला बिचारा धावतपळत दार उघडतो, आणि दार उघडायच्या आतच वीज येऊन धडकते. त्या ठिणग्यांचीच ही टिकटिक. काका कानाला हेडफोन लावून बसतात, त्यांना ही खटखट ऐकू येत नाही. ते दुसऱ्याचं ऐकायला गेले, आणि त्यानेच कचरा झाला.”

मला एकदम मोकळं वाटलं. “म्हणजे चूक! लबाडी नाही!”

“काकांची चूक. पण काकू, दुपारी खटखट बंद व्हायची.” तिने झाकण खाली ठेवलं. “म्हणजे रवींद्र बसला की पहिलं काम, ते बटण बंद करायचा. काल मी तपासलं तेव्हाही ते बंदच होतं, म्हणून सगळं स्वच्छ निघालं. त्याला सगळं माहीत होतं.”

६

गुरुवारी चहाच्या वेळी आम्ही चौघं बेसमेंटमध्ये जमलो. कुमारला स्पीकरफोनवर घेतलं. हे यायला तयार नव्हते, मी हाताला धरून आणलं. रवींद्रने उघडा ॲम्प्लिफायर पाहिला आणि तो मटकन खुर्चीत बसला.

संघमित्राने सगळं सांगितलं. के, पाइप, बटण. शेवटी म्हणाली, “रवींद्र, मुद्दाम चालू दिलंस? जागा मोकळी मिळावी म्हणून?”

“नाही!” तो ओरडलाच. “आईशप्पथ नाही! मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, ते बटण ह्याच्यावर चालत नाही. मी शनिवारी सकाळी खटखट ऐकली. पण काकांना कसं सांगणार? ते बटण म्हणजे... मला पहिल्या दिवशी त्यांनी तेच शिकवलं. आणि हा डबा मीच गिफ्ट दिलेला. म्हटलं, मी बसलो की बंद करीन, तेवढं तरी...”

“मला रवीने सांगितलं होतं,” फोनमधून कुमार बारीक आवाजात म्हणाला. “मीही माझ्या पाळीला बंद करायचो. काकांना बोलायची हिंमत नाही झाली.”

हे इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते वळले.

“मी विचारलं होतं रे,” ते म्हणाले.

त्यांनी टेबलावरचे हेडफोन उचलले.

“पहिला के आला, मला वाटलं ‘बोला’ म्हणतोय. दुसरा आला तेव्हा मला तो जुना अर्थ आठवला. मी हेडफोन काढून मागे वळलो आणि तुम्हा दोघांना विचारलं. रवी, सिग्नल कसा आहे रे? काय म्हणालास?”

रवींद्रच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “क्लीन आहे, म्हणालो. एकदम क्लीन काका.”

“आणि मी विश्वास ठेवला. म्हाताऱ्या हंगेरियनवर नाही, तुमच्यावर. मग सोमवारी तो तुकडा ऐकला. मला वाटलं, माझी पोरं जिंकायला म्हणून खोटं बोलली. हे मी कमिटीला लिहू? तुमची नावं घालून? त्यापेक्षा टॉवर गेले तर गेले!”

म्हणजे इतके दिवस हे पोरांना पाठीशी घालत होते आणि पोरं ह्यांचा मान राखत होती! आणि मी काय, मानात आणि मायेत सगळं घर बुडायला निघालेलं बघत उपमा ढवळत होते. माझा संताप संताप झाला.

“शाब्बास!” मी म्हटलं. “इंडियानातला परका माणूस खरं बोलला, त्याला तुम्ही शत्रू ठरवलंत. आणि घरातल्या प्रत्येकाने एकमेकाला फाइव्ह नाइन नाइन दिला. आता कोणीतरी ह्या माणसाला खरं सांगा!”

रवींद्र उठला. ह्यांच्यासमोर उभा राहिला. “काका, तुमचा सिग्नल घाण होता. खूप घाण. आणि चूक तुमची होती. आणि मी गप्प बसलो.”

ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसून कमिटीला लिहायला घेतलं. आमच्या चुकीने सिग्नल खराब होता, एंट्री आम्ही स्वतःच मागे घेतो. नाव एकच घातलं, स्वतःचं.

७

शुक्रवारी सकाळी क्रेन आलीच. ह्या गडबडीत तिला कॅन्सल करायचं कोणाच्याही डोक्यात नव्हतं. रवींद्र पळत बाहेर गेला. हे त्याच्या मागोमाग गेले, वर बघितलं, आणि क्रेनवाल्याला म्हणाले, आलाच आहात तर वरच्या अँटेनाची ती वाकलेली काडी सरळ करून जा.

ह्यांनी रात्री इंडियानावाल्यालाही लिहिलं होतं, पुन्हा एकदा ऐकाल का. दुपारी त्याचं उत्तर आलं, अमुक फ्रिक्वेन्सीवर भेटा, ऐकून सांगतो. ह्यांनी ॲम्प्लिफायर न लावता, आपलं लाडकं बटण लावून त्याला हाक मारली. रवींद्र, संघमित्रा आणि मी मागे उभे. उत्तर आलं, पाच, सात, नऊ. जोर कमी, सूर स्वच्छ. आम्ही के ची वाट पाहिली. आला नाही. हे लहान मुलासारखे हसले. सोमवारनंतर प्रथमच.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मी आमटी वाढली आणि विचारलं, “कशी झालीय?”

“फाइव्ह नाइन नाइन,” हे म्हणाले. मग थांबले. रवींद्रकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “के.”

संघमित्राचा घास हातातच राहिला.

“काय बिघडलंय?” मी विचारलं.

“कढीपत्ता जळलाय, शुभा.”

“आज गडबडीत झालं असेल.”

“आज नाही गं,” ते अगदी हळू म्हणाले. “लग्नापासून जळतोय.”

रवींद्र ताटात बघायला लागला. माझी खमंग फोडणी! मला हसू आलं की रडू, ते माझं मलाच कळेना. मी डाव उचलला, त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

“के,” मी म्हटलं. “म्हणजे, बोला. आणखी काय काय जळतंय ते आज सगळं सांगा.”